चाळिशीनंतर अंगावरून जास्त जातंय? पाळी थांबवायची गोळी मागण्याआधी हे वाचा

"मागच्या वेळची ती पाळी थांबवायची गोळी द्या." आमच्या औषध दुकानात सतत येणारी ही मागणी. हातात बहुतेकदा रिकामं पाकीट असतं, चिठ्ठी नसते. गोळी कुणी लिहून दिली होती, किती दिवसांसाठी, हेही आठवत नसतं. सौंदत्तीची यात्रा किंवा गौरी जवळ आल्या की विचारणा आणखी वाढते. आम्ही नाही म्हटलं की ग्राहकांना राग येतो. म्हणून नाही का म्हणतो आणि त्याऐवजी काय करता येतं, ते इथं नीट लिहिलं आहे. घरी न्या, सावकाश वाचा, जावेला-नणंदेलाही द्या.

आपल्याकडे पाळी कायमची जाण्याचं वय साधारण ४६-४७ आहे. त्याआधीची काही वर्षं पाळी आपलं वेळापत्रक सोडते. दर महिन्याला बीज सुटलं की शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं आणि ते गर्भपिशवीच्या आतलं अस्तर धरून ठेवतं. या वयात काही महिने बीज सुटतच नाही. मग एकटं इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन अस्तर वाढवत राहतं, आणि जाड झालेलं अस्तर तुकड्यातुकड्यानं पडू लागतं. दीड-दोन महिने पाळी नाही आणि मग एकदम दहा-बारा दिवस गाठींसकट जात राहतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

बहुतेक वेळा, पण प्रत्येक वेळा नाही. पिशवीत फायब्रॉइडची गाठ असू शकते, पॉलिप (अस्तराला आलेला मऊ कोंब) असू शकतो, पिशवीचा स्नायू जाड झालेला असू शकतो. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं. हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तरीही जास्त जातं (त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा). क्वचित अस्तराची वाढच कॅन्सरकडे झुकलेली असते. वजन जास्त, मधुमेह, बीपी, किंवा वर्षानुवर्षं अनियमित पाळी असेल तर हा धोका वाढतो. आणि पाळी लांबून मग रक्त जायला लागलं असेल, तर आधी लघवीची गर्भतपासणी करा. पंचेचाळिशीतही दिवस जातात. "वय झालं, आता असंच व्हायचं" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. ते खरं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

जास्त म्हणजे किती? पॅड किंवा कपडा तास-दोन तासांत पूर्ण भिजणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडणं, रात्री बदलायला उठावं लागणं, आठ दिवसांच्या वर चालणं, यातलं एकही असेल तर ते जास्तच. साधं पॅड पूर्ण भिजलं की त्यात साधारण ५ मिली रक्त असतं, त्यामुळे नुसती पॅडची संख्या सांगून उपयोग नाही. किती भिजलं होतं तेही सांगा. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना कपावरच्या खुणांवरून थेट मोजता येतं. आमच्याकडे कप तीन मापांत आहेत, आणि मूल झालेल्या बाईला कोणतं माप बसतं तेही सांगतो.

सलग दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर दुकानात येऊ नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या तालुका रुग्णालयात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जा. आणि पूर्ण वर्षभर पाळी नसताना पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वाट पाहत थांबायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ या गोळीचा

लोक जिला पाळी थांबवायची गोळी म्हणतात ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. चालू असलेला जोरदार रक्तस्राव आवरायला डॉक्टर ती बहुधा दिवसातून तीन वेळा, दहा दिवस देतात. एक-दोन दिवसांत जाणं कमी होतं. इथंच गैरसमज सुरू होतो. बरं वाटलं की चौथ्या दिवशी गोळी बंद केली जाते, किंवा शेतात, तंबाखूच्या वखारीत कामाला गेलं की दुपारची गोळी राहून जाते. मग डाग पडायला लागतात आणि "गोळी लागू पडली नाही" असं वाटतं.

ज्या बायका दहा दिवस नियमित घेतात, त्यांचीही एक गोष्ट चुकते. ही गोळी रक्त कायमचं बंद करत नाही, अस्तर धरून ठेवते. गोळी संपली की दोन ते चार दिवसांत ते अस्तर सुटतं आणि पाळीसारखं जातं. हे होणारच असतं. डॉक्टरांनी तसंच ठरवलेलं असतं. पण बाईला वाटतं त्रास परत सुरू झाला, आणि ती रिकामं पाकीट घेऊन आमच्याकडे येते. आम्ही ते दिलं तर आणखी दहा दिवस, पुन्हा जाणं, पुन्हा पाकीट. असे तीन-चार महिने निघून जातात, हिमोग्लोबिन घसरत राहतं, आणि आत गाठ आहे की अस्तर वाढलंय हे कुणी पाहिलेलंच नसतं. आम्हाला सर्वांत जास्त वाईट या वाया गेलेल्या महिन्यांचं वाटतं.

म्हणून चिठ्ठीवर हा कोर्स असेल तर गोळ्या देताना आम्ही पाकिटावर स्केचपेननं तीन गोष्टी मराठीत लिहून देतो: सुरू केल्याची तारीख, शेवटच्या गोळीची तारीख, आणि "यानंतर २-४ दिवसांत जाईल, घाबरू नका". ते पाकीट फेकू नका. गोळी बंद केल्यानंतरचं जाणं आठ दिवसांपेक्षा लांबलं किंवा फार जोरात असलं, तर तेच पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

यात्रेसाठी पाळी पुढं ढकलायची असेल तर ही गोळी अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. ज्यांची पाळी कधी पंचवीस दिवसांनी तर कधी पन्नास दिवसांनी येते, त्यांची अपेक्षित तारीख कुठून काढणार? त्यामुळे या वयात हा उपाय फसतो. त्यात पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असेल, तर ही गोळी धोक्याची आहे. शेजारणीच्या चिठ्ठीवर ती घेणं म्हणूनच चुकीचं. कायद्यानंही ही चिठ्ठीवरच द्यायची गोळी आहे. एक पाकीट जास्त विकलं जाण्यापेक्षा तुमची तपासणी वेळेत झालेली आम्हाला बरी.

बाकीच्या औषधांबद्दल

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (५०० मिलिग्रॅम) हार्मोन नाही. जोराचे दिवस सुरू झाले की घ्यायचं, बहुधा दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, चार दिवसांपर्यंत. रक्त थांबलं की बंद. ते रक्तस्राव साधारण निम्म्यापर्यंत कमी करतं, पण पाळी नियमित करत नाही. गुठळीचा इतिहास किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्याच्यासोबत मेफेनॅमिक ॲसिड असलेली जोडगोळी असेल तर जेवूनच घ्यायची. दमा किंवा पोटात अल्सर असणाऱ्यांनी नाही. मेफेनॅमिकनं अंगावर पुरळ उठलं किंवा ताप आला तर लगेच बंद करा. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगानंही या गोळीच्या गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता.

ऑर्मेलॉक्सिफेन ही लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली, स्वस्त आणि चांगली गोळी. जास्त जाण्यासाठी ६० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, आणि पुढं आठवड्यातून एकदा. ती दिवसातून दोनदा घेतली जाण्याचा धोका असतो, म्हणून आम्ही पाकिटावर वार लिहून देतो: सोमवार-गुरुवार. तेवढेच दोन दिवस.

गर्भपिशवीत बसवायच्या तांबीबद्दलही गोंधळ आहे. साधी कॉपर टी बसवली की जास्त जातं. हार्मोनची तांबी वेगळी. ती जास्त जाण्यावरच्या, ऑपरेशनशिवायच्या उपायांमध्ये सर्वांत परिणामकारक आहे आणि अनेक वर्षं टिकते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, त्याला कंटाळून लवकर काढू नका. किंमत एकदम मोठी वाटते, पण वर्षांवर वाटून पाहा. ती डॉक्टरच बसवतात; आम्ही मागवून देतो, दोन दिवस आधी कळवा.

"पिशवीच काढून टाका" असं सांगणारे घरात असतात. कधी ती गरज असतेही. पण त्याआधी वरचे उपाय झालेत का, अस्तराचा तुकडा तपासलाय का, आणि अंडाशय ठेवणार की काढणार, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. अंडाशय काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात.

रक्त भरून काढणं

हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली गंभीर. लोहाची गोळी रोज एक किंवा एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा तासभर आधी नाही आणि दोन तास नंतर नाही. सकाळचा चहा आणि लोहाची गोळी एकत्र घेणाऱ्या बायकांचं रक्त महिनोन्‌महिने वाढत नाही. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्या, लोहासोबत नको. शौच काळी होते, ते चालतं. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी पुढं तीन महिने गोळी चालू ठेवा, नाहीतर साठा भरत नाही. नाचणी, हुलगे, मेथी खा, पण आठच्या खाली गेलेलं रक्त नुसत्या नाचणीच्या आंबिलीनं भरत नाही.

येताना काय आणायचं

पुष्कळदा औषध न्यायला घरातले पुरुष येतात आणि पाळीबद्दल विचारलं की गप्प होतात. मग आम्ही घरी फोन लावतो, रांग थांबते. तेव्हा त्यांच्याकडे एक कागद द्या: शेवटच्या पाळीची तारीख, किती दिवस आणि किती जोरात गेलं, सध्याच्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगर, आधी कधी गुठळी झाली का. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल. बोलायला संकोच वाटत असेल तर आमच्याकडे दुपारी दोन ते चार या वेळेत महिला फार्मसिस्ट असतात, आणि काउंटरच्या बाजूला बसायला जागा आहे.

कोल्हापूर, मिरज, गडहिंग्लजच्या डॉक्टरांची चिठ्ठीही इथं चालते. तोच ब्रँड नसेल तर त्याच घटकाची गोळी डॉक्टरांना फोनवर विचारूनच देतो. खेड्यातून बेळगावला तपासणीसाठी यायचं असेल तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या एसटीला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, ओळखपत्र तेवढं ठेवा. जोरात जाणं थांबल्यावर तीन-चार दिवसांत सोनोग्राफी केली तर अस्तर नीट दिसतं. चिठ्ठी हरवली असेल तर फोन नंबर सांगा. चिठ्ठीवर दिलेल्या गोळ्यांची नोंद आम्ही दोन वर्षं ठेवतो, आणि ती डॉक्टरांना दाखवायला छापून देतो.