कोयता गँग

कोयता गँग नावाची एकच अशी कुठली टोळी नाहीये. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयते नाचवत दहशत माजवणाऱ्या, रात्री उभ्या गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बारक्या बारक्या टोळ्यांना मीडियाने हे नाव दिलं आणि 2022-23 मध्ये ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. कोयता म्हणजे खरं तर ऊस तोडायचं, नारळ सोलायचं अवजार. स्वस्त, लायसन नको, बाजारात सहज मिळणारं. 2023 मध्ये पोलिसांनी दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघूनच कोयता विका असं सांगितलं होतं.

पोरं यात पैशासाठी येतात म्हणावं तर शेजाऱ्याची रिक्षा फोडून मिळतं काय? घंटा. मुंबईचं वेगळं होतं, 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातल्या काहींची पोरं टोळ्यांत गेली, ते बेकारीतनं. पुण्यात चाकणला कारखाने आहेत, हिंजवडीला आयटी आहे, फक्त दहावीला गचकलेल्या पोराला तिथं कुणी विचारत नाही. आईबाप दोघं कामावर, हा दिवसभर कट्ट्यावर, आणि तिथला भाई त्याला वडापाव खिलवतो, गाडी फिरवायला देतो, नावाने हाक मारतो. मग भाईचा बड्डे, फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात याचा पण फोटो, तलवारीने केक, त्याची रील. फेब्रुवारी 2021 मध्ये तळोजा जेलमधून सुटलेल्या पुण्याच्या एका भाईला एक्स्प्रेस वेवरून गाड्यांचा ताफा लावून आणलं, ते व्हिडिओ या पोरांनी किती वेळा बघितले असतील देव जाणे.

काही जण मात्र निव्वळ भीतीपोटी जातात. खुन्नसने बघितलं म्हणून एका ग्रुपने धुतला की दुसऱ्या ग्रुपची सावली बरी वाटते.

भाईलोकांनाही 18 च्या आतलीच पोरं बरी पडतात, कारण केस जाते बाल न्याय मंडळापुढे. पोलिसांच्या भाषेत हा 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात 16 वर्षांपुढच्याने खुनासारखा गुन्हा केला तर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, हे कट्ट्यावर कोण सांगणार? आणि एकदा केस लागली की तारखांना खाडे, काम सुटतं, वकिलाचे पैसे भाईने भरलेले असतात, म्हणजे बाहेर पडायचं म्हटलं तरी आधी तो हिशोब चुकवायचा, बहुतेक वेळा अजून एक राडा करून.