संसदीय कार्यवाहीच्या अभिलेखांतील शोध

संसदीय कार्यवाहीच्या अभिलेखांतील शोध म्हणजे सभागृहांतील चर्चा, प्रश्नोत्तरे, पटलावर ठेवलेली कागदपत्रे आणि समित्यांचे अहवाल यांतून हवी ती नोंद हुडकून काढण्याची आणि ती पडताळून वापरण्याची पद्धत. हा अभिलेख विषयवार नव्हे, तर सभागृहाच्या कामकाजाच्या क्रमाने रचलेला असतो. त्यामुळे विषयाचा शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हाती बहुधा थोडेच लागते. कोणत्या सभागृहात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या संसदीय आयुधाखाली (म्हणजे प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयक अशा मार्गाने) विषय आला असेल, हे आधी ताडणाऱ्याला मात्र तोच अभिलेख सहज साथ देतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतीय संसदेच्या अभिलेखांविषयी असून महाराष्ट्र विधानमंडळाचा उल्लेख प्रसंगोपात्त केला आहे.

भारतातील विधिमंडळीय चर्चांचा छापील अभिलेख १८५३ च्या सनदी कायद्यानंतर स्थापन झालेल्या विधान परिषदेपासून, म्हणजे १८५४ पासून मिळतो. संविधान सभेचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५० या काळात झाले आणि त्याचे वृत्तांत बारा खंडांत प्रसिद्ध आहेत. लोकसभा व राज्यसभा या दोन्हींच्या पहिल्या बैठका १३ मे १९५२ रोजी झाल्या, आणि तेव्हापासून दोन्ही सभागृहांचे वृत्तांत स्वतंत्रपणे निघत आले आहेत. जुन्या लोकसभा खंडांत पृष्ठाऐवजी स्तंभाला क्रमांक दिलेला असल्याने संदर्भही स्तंभाचाच द्यावा लागतो. १९५७ नंतरच्या खंडांत इंग्रजी दिनांकाशेजारी राष्ट्रीय शक दिनांकही छापलेला दिसतो. १८ एप्रिल १९६० या सोमवारी तो ‘चैत्र २९, १८८२’ असा येतो. पंचांगातल्या तिथीशी त्याचा संबंध नसतो, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी.

लोकसभेच्या कामकाजाचा संपूर्ण वृत्तांत तयार करवून घेण्याची जबाबदारी नियम ३७९ नुसार महासचिवांवर असते. सभागृहातील प्रतिवेदक थोड्या थोड्या मिनिटांच्या पाळ्यांनी लिहून घेतात आणि पाळ्यांचे हे तुकडे जोडून आधी असुधारित प्रत तयार होते. सदस्याला आपल्या भाषणातील लेखनचूक दाखवून देता येते, मात्र बोलून गेलेले वाक्य नंतर सुधारून घेता येत नाही. महाराष्ट्र विधानमंडळाच्या अशा प्रतींवर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा असतो. प्रत्यक्षात अभ्यासक आणि पत्रकार सर्रास हीच प्रत वापरतात, कारण अंतिम खंड निघेपर्यंत विषय शिळा झालेला असतो. निदान उद्धृत करताना प्रत कोणती हे सांगणे तरी टाळू नये.

सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द अभिलेखात असतोच असे नाही. बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द नियम ३८० नुसार अध्यक्ष कामकाजातून काढून टाकू शकतात, आणि नियम ३८१ नुसार त्या जागी तारका व तळटीप येते. गोंधळाच्या वेळी नुसते ‘व्यत्यय’ एवढेच छापले जाते आणि मागे काय घडले ते त्या एका शब्दावरून कळत नाही. थेट प्रक्षेपणात ऐकलेले वाक्य अभिलेखात न सापडल्यास आधी तारका शोधाव्यात.

भाषेचाही प्रश्न येतो. अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते, मात्र या दोन्ही भाषांत नीट व्यक्त होता येत नसलेल्या सदस्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. मराठीतून झालेले भाषण लोकसभेच्या वृत्तांतात सहसा इंग्रजी वा हिंदी भाषांतराच्या रूपात येते आणि ते मूळ मराठीत केले होते एवढे तळटीप सांगते. म्हणजे मराठी भाषणाचा शोधही मराठी शब्दांनी लागत नाही. मूळ आवृत्तीत हिंदी भाषणे देवनागरीत आणि इंग्रजी भाषणे रोमन लिपीत शेजारी शेजारी असल्याने एकच विषय दोन्ही लिप्यांत शोधावा लागतो.

शोधातील सर्वांत मोठी अडचण नावे आणि क्रमांक यांची असते. संविधान सभेच्या वृत्तांतांत ‘अनुच्छेद ३२’ असा शोध घेणाऱ्याला ९ डिसेंबर १९४८ ची चर्चा सापडणार नाही, कारण त्या दिवशी चर्चेस असलेला अनुच्छेद मसुद्यात २५ व्या क्रमांकावर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, तो हाच अनुच्छेद. अस्पृश्यता नष्ट करणारा आजचा अनुच्छेद १७ मसुद्यात ११ व्या, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ पंधराव्या, तर अनुच्छेद ३७० हा ‘३०६-अ’ या क्रमांकावर होता. मसुद्यातील आणि अंतिम क्रमांकांची तुलनात्मक सारणी जवळ ठेवल्याशिवाय हे खंड उघडू नयेत.

विधेयकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण लोकसभा विसर्जित झाली की तेथे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपुष्टात येतात, आणि तोच विषय पुढे नव्या क्रमांकाने येतो. महिला आरक्षणाचा विषय १९९६ मध्ये ८१ वे, १९९८ मध्ये ८४ वे, १९९९ मध्ये ८५ वे आणि २००८ मध्ये १०८ वे घटनादुरुस्ती विधेयक म्हणून आला. यांपैकी शेवटचे राज्यसभेत मांडले गेले व तेथे ९ मार्च २०१० रोजी संमतही झाले, पण लोकसभेत ते पुढे सरकले नाही. अखेर २०२३ मध्ये १२८ वे विधेयक आले, लोकसभेने २० सप्टेंबरला आणि राज्यसभेने २१ सप्टेंबरला ते संमत केले, आणि कायदा झाल्यावर त्याचा क्रमांक १०६ ठरला. विधेयकाचा क्रमांक आणि घटनादुरुस्तीचा क्रमांक वेगळे असतात हे माहीत नसलेला शोधक २००८ च्या १०८ व्या विधेयकानंतर २०२३ चा १०६ वा कायदा पाहून गोंधळला तर नवल नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरील संसदीय चर्चा शोधताना हाच अनुभव येतो. त्या चर्चा डिसेंबर १९५५ मधील राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावरील चर्चेत, १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात आणि १९६० च्या मुंबई पुनर्रचना विधेयकात विखुरलेल्या आहेत; यांपैकी एकाही शीर्षकात ‘महाराष्ट्र’ हा शब्द नाही. मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या चिंतामणराव देशमुखांचे जुलै १९५६ मधील लोकसभेतले निवेदन तर विधेयकावरील चर्चेत नव्हे, राजीनाम्यासंबंधीच्या वैयक्तिक निवेदनाखाली पाहावे लागते.

प्रश्नोत्तरांचा साठा त्यामानाने सुटसुटीत आहे, कारण प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, दिनांक, मंत्रालय आणि विचारणाऱ्याचे नाव असते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला केवळ लेखी उत्तर मिळते. आकडेवारी हवी असल्यास अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांना जोडलेली परिशिष्टे अधिक उपयोगी पडतात. महाराष्ट्र विधानमंडळातील तारांकित प्रश्नांचा साचा तर इतका पक्का आहे की तोच शोधाला मदत करतो: अमुक गोष्ट ‘हे खरे आहे काय’ येथून सुरुवात, मग ‘असल्यास’, मग ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘होय’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे आले तर पुढे फारसे काही नसते. ‘हे अंशतः खरे आहे’ असे आले की तो परिच्छेद सावकाश वाचावा. लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चा यांत स्थानिक तपशील भरपूर असतो, पण त्यांची शीर्षके इतकी लांब असतात की गावाच्या किंवा प्रकल्पाच्या नावाने शोधणेच सोयीचे. संसदेत मंत्र्याने ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर दिले तर ते आश्वासन मानले जाते व तीन महिन्यांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. म्हणून अपुऱ्या उत्तराचा उरलेला भाग आश्वासनपूर्तीच्या विवरणांत शोधावा.

समित्यांच्या बैठकांबाबत वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये निवड समित्यांच्या साक्षी सहसा खुल्या होतात आणि त्यांचे शब्दशः वृत्तांत प्रसिद्ध होतात. भारतात समित्यांच्या बैठका खाजगी असतात आणि साक्षीपुरावा सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत गोपनीय राहतो. विभागसंबंधित स्थायी समित्या, म्हणजे ठरावीक मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या कायम समित्या, १९९३ मध्ये सतरा होत्या, २००४ पासून त्या चोवीस आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. चोवीसपैकी आठ समित्या राज्यसभेच्या अखत्यारीत असल्याने त्यांचे अहवालही राज्यसभेच्या संग्रहात पाहावे लागतात. बैठकीत काय झाले हे कळण्याचा मार्ग म्हणजे अहवालाच्या शेवटी जोडलेली इतिवृत्ते. ती अगदीच त्रोटक असतात. कोण हजर होते, कोणत्या मंत्रालयाचे अधिकारी आले आणि कोणते मुद्दे चर्चेला आले, एवढे त्यांत मिळते. कोण काय म्हणाले ते क्वचितच. अहवालाच्या मुख्य भागात ‘मंत्रालयाच्या प्रतिनिधीने साक्षीत सांगितले’ अशा शब्दांत येणारी अवतरणे म्हणूनच मोलाची ठरतात.

अहवाल सापडला म्हणजे शोध संपला असे होत नाही. शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत कृती-टिप्पणी द्यायची असते आणि त्यावर समिती पुन्हा कृती-अहवाल काढते, ज्यात स्वीकारलेल्या, सोडून दिलेल्या आणि सरकारच्या उत्तराने समाधान न झालेल्या शिफारशी वेगळ्या प्रकरणांत असतात. या अहवालाला नवा क्रमांक मिळतो. शिवाय अध्यक्षांच्या निदेश ७३-अ नुसार संबंधित मंत्र्याने अहवाल सादर झाल्यापासून सहा महिन्यांत अंमलबजावणीच्या स्थितीविषयी सभागृहात निवेदन करायचे असते, आणि ते निवेदन पुन्हा त्या दिवशीच्या कामकाजात सापडते.

दोन्ही सभागृहांचे जुने खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आणि राज्यसभेच्या वादविवाद संग्रहात उपलब्ध आहेत. मात्र जुनी पाने स्कॅन केलेली प्रतिमा असतात आणि त्यांवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुरात चुका राहतात: दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, ओळीअखेर तुटलेला शब्द दोन तुकड्यांत मोडतो, आणि देवनागरीतील जोडाक्षरे तर बऱ्याचदा ओळखता येत नाहीत. शब्दशोधात काही न सापडणे हा त्यामुळे ती चर्चा झालीच नसल्याचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी त्या अधिवेशनाची विषयसूची किंवा त्या दिवसाची कामकाजपत्रिका उघडून पानोपान जाणे हाच खात्रीचा उपाय.

न्यायालयीन वापराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने कल्पना मेहता खटल्यात ९ मे २०१८ रोजी असा निर्णय दिला, की संसदीय समितीच्या अहवालाची न्यायालय दखल घेऊ शकते आणि त्याचा आधारही घेता येतो, मात्र त्या अहवालाच्या वैधतेलाच तेथे आव्हान देता येत नाही. वृत्तपत्रांतील सत्य आणि सद्भावाने दिलेल्या वृत्तांतांना अनुच्छेद ३६१-अ चे संरक्षण आहे; ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आले. त्याआधी फिरोज गांधींच्या पुढाकाराने झालेला १९५६ चा कायदा हे संरक्षण देत होता. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा करण्यात आला.