चार महिन्यांचं नाक

गोरेगावला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या नाकाचं दुसरं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. उठल्या उठल्या ती आरशात बघते आणि मला फोटो पाठवते. "मावशी, शेंडा अजून सुजलेलाच आहे. हेही फसलं का गं?"

'आठवड्यात नवं नाक' या जाहिरातींनी तिच्या डोक्यात हे भरवलंय. आठवड्याने निघते ती नाकावरची पट्टी. पहिल्या ऑपरेशनचा व्रण पुन्हा कापला की सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्याही तुटतात, आणि त्या नव्याने जुळायला महिने लागतात. शेंड्याची कातडी जाड असते, त्यामुळे तिथली सूज सगळ्यात शेवटी उतरते. पहिल्या खेपेला साधारण वर्ष जातं, दुसऱ्या खेपेला दीड-दोन वर्षंही.

पण खरी गंमत त्या कातडीखाली आहे. जखम भरताना शरीर आधी तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचं, म्हणजे कातडीला बळ देणाऱ्या धाग्यासारख्या प्रथिनाचं, बारीक, वेडंवाकडं जाळं विणतं. इमारतीच्या दुरुस्तीआधी बांबूची परांची बांधतात तसं. मग महिनोन्महिने ते मोडून पहिल्या प्रकारचे जाड धागे ताणाच्या दिशेने बसवले जातात. याच काळात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी व्रण आकसून घेतात. ही ओढ नाक वाकडं करू शकते, म्हणूनच सर्जन बऱ्याचदा कानाची किंवा बरगडीची कूर्चा (कार्टिलेज) आधाराला घालतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपून येतं. सिगारेटमधलं निकोटिन त्या ऊतींच्या रक्तवाहिन्या आवळतं.

कोलॅजेनचा धागा म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. त्यातल्या प्रोलीन या अमिनो आम्लाला हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट जोडला गेला नाही, तर पीळ २४ अंशांच्या आसपासच उलगडतो, आणि आपलं शरीर तर ३७ अंशांचं! हा गट जोडणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) लोह असतं आणि ते लोह कामाच्या अवस्थेत ठेवतं क जीवनसत्त्व. व्रणातलं कोलॅजेन जखम भरल्यानंतरही सतत तुटतं आणि नव्याने बनतं. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरली, तेव्हा एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली होती.

आणि आमच्या घरात 'आंबटाने पू होतो' म्हणून भाचीचं लिंबू बंद! पू जंतूंमुळे होतो, लिंबाने नाही. मी तिला पेरू आणि आवळे नेऊन दिले. नाक लाल, गरम झालं, पू आला किंवा ताप चढला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

रात्रभर आडवं पडल्यावर चेहऱ्यात पाणी साचतं, त्यामुळे सकाळचं नाक सर्वांत फुगलेलं असतं. नेमका तोच फोटो ती रोज काढत होती. आता ठरलंय: महिन्यातून एकदाच, दुपारी चारला, त्याच खिडकीपाशी.