पायदळाची पलटण आणि कंपनी

पलटण, म्हणजेच बटालियन, हा पायदळाचा पायाभूत घटक. रेजिमेंटचे नाव जवान खांद्यावर मिरवतो, पण तो राहतो, जेवतो, बदलीवर जातो आणि लढतो तो पलटणीबरोबर. भारतीय लष्करात पलटणीत साधारण आठशे जण असतात. प्रमुख कर्नल दर्जाचा कमांडिंग ऑफिसर, आणि जवानांच्या बाजूने सर्वांत ज्येष्ठ सुभेदार मेजर. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा या चार रायफल कंपन्या. शिवाय मॉर्टर व रणगाडाविरोधी शस्त्रे बाळगणारी सपोर्ट कंपनी आणि वाहने, सिग्नल, लंगर सांभाळणारी मुख्यालय कंपनी.

रायफल कंपनीत सुमारे १२० जण, तीन प्लाटून, प्रत्येक प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. बचावात कंपनी कमांडर बहुधा दोन प्लाटून पुढे आणि एक मागे ठेवतो, आणि एका मोर्चाच्या गोळीबाराने शेजारचा मोर्चा झाकला जाईल अशी मांडणी करतो. हल्ल्यात एक तुकडी गोळीबाराने शत्रूला डोके वर काढू देत नाही, तेवढ्यात दुसरी पुढे सरकते; शेवटचे अंतर हातबॉम्ब आणि संगिनीचे. हल्लेखोर निदान तिप्पट असावेत हा जुना ठोकताळा आहे, म्हणून प्लाटूनच्या ठाण्यावर कंपनी सोडतात. कागदावर लढाई पलटणीची असते, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा कंपनीवर येऊन ठेपते.

मराठवाड्याने कवायती पायदळ लवकर पाहिले. १७६० मध्ये उदगीरला सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवले, तेव्हा मराठ्यांकडून इब्राहिमखानाचे गारदी लढले. हा इब्राहिमखान त्याआधी निजामाच्याच चाकरीत होता.

खरी कसोटी लागली ती जालना जिल्ह्यातील असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली केळणा नदीकाठी तोफांसह उभ्या होत्या. इंग्रज सेनापती वेलस्लीने पूर्वेकडे उतार शोधून केळणा ओलांडली आणि केळणा-जुईच्या बेचक्यातून बगलेवर येण्याचा डाव टाकला. त्यावर पोलमनने सगळी फळी काटकोनात फिरवून पुन्हा त्याच्या तोंडावर आणली. शत्रू समोर असताना हजारोंची रांग न विस्कटता वळवणे कवायतीत मुरलेल्या पलटणींनाच जमते, आणि याचे श्रेय शिंद्यांच्या शिपायांना फारसे दिले जात नाही. इंग्रजांकडे पुढच्या पहाऱ्याच्या तुकड्या उजवीकडे भरकटून असई गावाच्या तोफांसमोर गेल्या, ७४ वी हायलँडर पलटण त्यांच्यामागे गेली आणि जवळजवळ कापली गेली. घोडदळ धावून आले म्हणून उरलेले वाचले. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याच्या सुमारे साडेचार हजारांपैकी दीड हजारांहून अधिक मेले वा जखमी झाले.

पुढे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली हैदराबाद कंटिंजंट उभे राहिले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे त्याच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये त्याच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात सामावल्या, १९२२ मध्ये त्यांची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं हे नाव मिळाले. पहाडी समजल्या जाणाऱ्या या रेजिमेंटची मुळे अशी दख्खनच्या छावण्यांत आहेत.

कंपनीच्या लढाईची दोन ठळक उदाहरणेही याच रेजिमेंटची. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगामला ४ कुमाऊंच्या, म्हणजे रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीच्या, डेल्टा कंपनीने श्रीनगरच्या विमानतळाकडे येणारे हल्लेखोर रोखले. कंपनी कमांडर मेजर सोमनाथ शर्मा हाताला प्लास्टर असताना जवानांसाठी मॅगझिन भरत होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी झालेल्या युद्धात, लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीला मधल्या उंचवट्यामुळे तोफखान्याची मदत मिळू शकत नव्हती. सुमारे १२० पैकी शंभराहून अधिक जण धारातीर्थी पडले. कमांडर मेजर शैतान सिंग यांना, शर्मांप्रमाणेच, मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

कंपनीचे काम नेहमी असे निकराचे नसते. हैदराबादवरील १९४८ च्या कारवाईत पहिली मोठी चकमक १३ सप्टेंबरला नळदुर्गला निजामाच्या १ हैदराबाद इन्फंट्रीशी झाली, बोरी नदीवरच्या पुलासाठी. दोन दिवसांनी जालन्यात ३/११ गुरखाची एक कंपनी शहर ताब्यात ठेवायला मागे राहिली आणि बाकी फौज लातूर व मोमिनाबादकडे निघाली. मागे राहून रस्ते, पूल आणि कचेऱ्या राखणे हेही पायदळाचेच काम, फक्त त्याला पदके कमी मिळतात.