लाइन मेली, हे कोण सांगतं?

आपल्याकडची दर्यावर्दी मंडळी जहाजावरच्या विजेच्या अधिकाऱ्याला 'बत्ती साब' म्हणतात. नाव दिवे-पंख्यांच्या काळातलं. आज मोठ्या क्रूझवर याच बत्ती साबच्या ताब्यात 6,600 किंवा 11,000 व्होल्ट असतात.

एवढा दाब कशाला? 10 मेगावॉट वीज 440 व्होल्टवर खेळवायची तर प्रवाह 16,000 अँपिअरच्या घरात जातो. तेवढं तांबं जहाजात मावायचं कुठे? 6,600 व्होल्टवर तेच काम अकराशे अँपिअरमध्ये भागतं.

जहाजावर 1,000 व्होल्टच्या वरचं ते हाय व्होल्टेज. वीज लांबून झडप घालते, असं लोकांना वाटतं. कोरड्या हवेत 6,600 व्होल्टची उडी काही मिलिमीटरचीच. खरी भीती आर्कची, म्हणजे हवेतून पेटणाऱ्या विजेच्या झोताची. पाना निसटून दोन फेजमध्ये पडला, की तांब्याची क्षणात वाफ होते आणि ती हजारो पटींनी फुगते. हा स्फोटच.

2010 मध्ये मनिलात ठरलेल्या दुरुस्त्यांनी हाय व्होल्टेजच्या कामाचं प्रशिक्षण दर्यावर्दींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आणलं. 1 जानेवारी 2012 पासून ते लागू झाले. दुरुस्तीआधी ब्रेकर, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच, उघडायचा, बाहेर ओढायचा, कुलूप लावायचं, किल्ली जपायची, हे पटकन अंगवळणी पडतं. अवघड जातं ते पुढचं: आपल्याच टेस्टरवर संशय घेणं. टेस्टर आधी चालू दाबावर तपासायचा, मग लाइनला लावायचा, आणि लाइन मेलेली, म्हणजे दाब नसलेली, दिसली तरी पुन्हा चालू दाबावर. मधेच तो बिघडला असेल, तर त्याने दाखवलेलं शून्य खोटं.

मग अर्थिंग. लांब केबल म्हणजे एक कपॅसिटरच, वीज साठवून ठेवणारा. पुरवठा तोडल्यावरही तिच्यात विद्युतभार उरतो. इन्सुलेशन तपासायला लावलेला मेगरसुद्धा तिला भरून ठेवतो. म्हणून अर्थिंगच्या वायरचं एक टोक आधी जहाजाच्या लोखंडी अंगाला, दुसरं नंतर फेजला. काढताना उलट. क्रम चुकला, तर भाराला वाट तुमच्या हातातून. हे सगळं झालं, की मगच काम सुरू करायच्या परमिटवर सही.

23 सप्टेंबर 2010 च्या पहाटे क्वीन मेरी 2 ही प्रवासी बोट बार्सिलोनाजवळ होती. तिच्या 11,000 व्होल्टच्या यंत्रणेतला एक कपॅसिटर फुटला, जहाज पुढे ढकलणारे चारही प्रॉपल्शन पॉड थांबले, जहाज अंधारात गेलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कपॅसिटर खराब होताहेत हे सांगण्यासाठी एक यंत्रणा बसवलेली होती. तपासात दिसलं, की तीच बराच काळ बंद पडलेली होती.