नरभक्षक ते सम्राट, वीस दिवसांत?

1815 साली फ्रान्सचा पदच्युत सम्राट नेपोलियन हद्दपारीतल्या एल्बा बेटावरून निसटला, तेव्हा पॅरिसच्या 'मॉनित्यर' या वर्तमानपत्राने रोज मथळा बदलला म्हणे. 'नरभक्षक गुहेतून सुटला', 'राक्षस ग्रेनोबलला', 'जुलमी ल्योंमध्ये', मग नुसताच 'बोनापार्ट', आणि शेवटी 'सम्राटांचे राजवाड्यात आगमन'. पत्रकारांच्या लोटांगणाचा हा दाखला पिढ्यानपिढ्या फिरतोय. किस्सा झकास, पण हे मथळे छापलेच गेले नव्हते.

मुळात तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आजच्यासारखे ठळक मथळे नसायचेच. बारीक टायपातले रकाने, वर फार तर गावाचं नाव नि तारीख. शिवाय 'मॉनित्यर' हे सरकारी मुखपत्र. नरभक्षक-बिरभक्षक तिथं कोण लिहू देणार?

प्रत्यक्षात काय झालं? 1 मार्चला नेपोलियन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. पॅरिसला बातमी पोहोचली 5 तारखेला. 7 मार्चच्या अंकात राजा अठराव्या लुईचा रुक्ष हुकूम आला: बोनापार्ट देशद्रोही आणि बंडखोर आहे, त्याला पकडा. 19 तारखेच्या रात्री राजेसाहेबांनीच गाशा गुंडाळला. 20 ला नेपोलियन पॅरिसमध्ये, आणि 21 च्या अंकात तेच पत्र अदबीनं सांगतंय की महाराज सम्राट काल संध्याकाळी आपल्या त्युलरी राजवाड्यात दाखल झाले.

म्हणजे कोलांटउडी खरीच, फक्त पायरीपायरीनं नाही, एका रात्रीत मारलेली. आणि त्यात संपादकाचा दोष तरी काय? मालकच बदलला होता!