चुकांची वही जाड, तरी टीम भक्कम

‘आमच्या टीममध्ये चुका होतच नाहीत’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला त्या टीमची काळजी वाटते.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होत्या. दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका त्या तपासत होत्या. जिथं एकमेकांशी चांगलं जमतं तिथं चुका कमी, असा अंदाज होता. आकडे उलटेच आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त!

गोम अशी, की वहीत घडलेल्या चुका येत नाहीत, सांगितलेल्या येतात. समजा, एका वॉर्डात १० चुका घडल्या आणि ८ सांगितल्या गेल्या. दुसऱ्यात २० घडल्या, सांगितल्या ४. कागदावर पहिला वॉर्ड दुप्पट गचाळ ठरतो. हे आकडे माझे, समजावण्यापुरते. पण हीच शंका एडमंडसनना आली. विभागांचे आकडे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाला त्यांनी वॉर्डांत पाठवलं. काही ठिकाणी नर्स चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होत्या, काही ठिकाणी बोलणी खाण्याच्या धाकानं गप्प होत्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. गीझरचा पाइप लांब असेल तर नळ फिरवल्यावर पाणी उशिरा बदलतं. आपण आणखी फिरवतो, मग चटका बसतो, मग घाईनं उलटा फिरवतो. अभियांत्रिकीत याला ‘विलंबित फीडबॅक’ म्हणतात: दुरुस्तीची खबर जितकी उशिरा, तितके हेलकावे मोठे. रात्रपाळीत ०.५ मिलिग्रॅममधला पुसट ठिपका न दिसून ५ दिले गेले आणि नर्सनं लगेच सांगितलं, तर रुग्णावर तातडीनं लक्ष ठेवता येतं, चिठ्ठी लिहायची पद्धतही सुधारते. लपवलं, तर महिन्याभरानं दुसरी नर्स त्याच ठिपक्याला फसते.

टीम भक्कम करायला कर्मचाऱ्यांना निखाऱ्यांवर चालवणारी शिबिरं मात्र निव्वळ पैशाची नासाडी. निखाऱ्याची उष्णता पायात हळू शिरते म्हणून झपझप चालणाऱ्याचा पाय वाचतो. त्यात ना मनोबल, ना चमत्कार.

१९ जुलै १९८९ला अमेरिकेत युनायटेड २३२ या विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबानं पंख-शेपटीचे भाग हलवून विमान वळवणाऱ्या यंत्रणा, हवेतच निकामी झाल्या. कनिष्ठांनी बोलावं, कॅप्टननं ऐकावं, याचं प्रशिक्षण त्या कंपनीत काही वर्षं सुरू होतं. प्रवाशांत बसलेल्या एका वैमानिक-प्रशिक्षकानं मदत देऊ केली. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला कॉकपिटमध्ये बोलावून इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे (थ्रॉटल) त्याच्या हाती दिले. विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळून मोडलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले.